रुग्ण सगळ्याला ‘नाही’ म्हणतो तेव्हा: नागपूरच्या वॉर्डात हिस्ट्री घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही साताऱ्याकडे जीएनएम (नर्सिंगची पदविका) केले, काही वर्षे तिकडेच नोकरी केली आणि आता नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रुजू झाला आहात. गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटकडून आलेल्या रुग्णांना तुम्ही फॉर्मवरचे सगळे प्रश्न विचारता, सगळ्याला ‘नाही’ असे उत्तर येते आणि दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांसमोर भलतेच काही निघते. म्हणून इथल्या प्रत्येक समाजाच्या चालीरीती, समजुती आणि पथ्ये यांची एखादी यादी मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे.

अशी यादी मी देणार नाही, आणि कुणी दिली तरी ती खिशात घालून वॉर्डात जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. माझी नोकरी नागपुरातच, मेडिसिन आणि स्त्रीरोग विभागांत झाली. पुढे विद्यार्थिनींना रुग्णाच्या कॉटपाशी उभे राहून हिस्ट्री, म्हणजे आजाराची आणि आधीची सगळी माहिती, घ्यायला शिकवण्याचे कामही केले. त्यावरून सांगते, तुमची अडचण चालीरीती माहीत नसण्याची नाही. रुग्णाच्या दृष्टीने ‘नाही’ हे सर्वांत सुरक्षित उत्तर आहे, ही खरी अडचण आहे. शेजारच्या कॉटवरचे लोक कान देऊन ऐकत असतात, सासू उशाशी उभी असते, कागद-पेन घेतलेली अनोळखी सिस्टर भराभर विचारत असते, आणि ‘हो’ म्हटल्यावर ती रागावेल, पोलिसांना कळवेल की खर्च वाढवेल याचा काही अंदाज नसतो. अशा ठिकाणी कोणताही शहाणा माणूस ‘तसं काही नाही जी’ असेच म्हणेल. तेव्हा आपले काम ‘हो’ म्हणणे सोपे करण्याचे आहे.

यातले किती जमेल हे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. रुग्ण धापा टाकत आला असेल तर सलाइन, ऑक्सिजन आणि चार-पाच प्रश्न: कशाची ॲलर्जी आहे का, कोणती औषधे चालू आहेत, शेवटचे खाणे कधी झाले, त्रास कधीपासून, बाई असेल तर पाळी कधी आली होती. बाकीचे नंतर. तुमच्या वॉर्डाला शेजारी एखादी रिकामी खोली आहे की नाही, रात्रपाळीला तुम्ही एकट्याच आहात का, विचारणारी सिस्टर आहे की ब्रदर (पुरुष नर्स), यावरही बरेच काही ठरते.

यादीवर माझा राग का, ते सांगते. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मॅडेलिन लायनिंगर यांचे नाव येते. संस्कृतीनुसार शुश्रूषेचा विचार त्यांनी मांडला, आणि तो मांडण्यापूर्वी न्यू गिनीतल्या गाडसुप लोकांमध्ये राहून, काळजी घेणे म्हणजे त्यांच्या लेखी काय हे त्यांनाच विचारले. आपल्याकडे परीक्षेपुरता त्याचा उलटा अर्थ होतो: अमुक धर्माचे लोक असे, तमुक जमातीचे लोक तसे, असे तक्ते पाठ केले जातात. १९९८ साली मेलनी टर्व्हेलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकी डॉक्टरांनी या तक्तेबाज हुशारीवर बोट ठेवले आणि, दुसऱ्याची संस्कृती आपल्याला ‘येते’ असे कधीच होत नाही, आपण विचारत राहायचे असते, अशी भूमिका घेतली. नागपुरात राहिले की ती लगेच पटते. दंडाला ताईत दिसला म्हणून रुग्ण मुसलमान धरावा, तर तो ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याला दर गुरुवारी जाणारा हिंदू कुटुंबातला असतो. बुरख्यातली बाई दिसली की आपल्या सिस्टर आपोआप हिंदीवर येतात आणि ती मात्र अस्सल वऱ्हाडीत उत्तर देते. तिला वाईट वाटलेले आपल्या लक्षातही येत नाही. बौद्ध कुटुंबातल्या आजोबांना ‘कोणत्या देवाला नवस बोललात?’ असे सहज विचारले जाते. १९५६ साली दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्यांच्या घरात निष्ठेने पाळल्या जातात, त्यांना तो प्रश्न म्हणजे आपल्याला कुणी ओळखलेच नाही याची खूण वाटतो. उलट, त्याच वस्तीतले दुसरे घर तसे नसेलही. चेहरा, पोशाख आणि आडनाव यांवरून जे कळल्यासारखे वाटते, ते रुग्णाला विचारून घेतल्याशिवाय केसपेपरवर जाऊ देऊ नये.

आडनावाचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल थोडे अधिक. आपल्याकडे ‘पूर्ण नाव सांगा’ या साध्या वाक्यात जात विचारली जाते, आणि ज्यांना तिचा काच आहे त्यांना ते तत्काळ समजते. म्हणून नाव विचारून झाल्यावर आडनावावर रेंगाळू नका. ‘तुम्ही कुठल्या मडावी?’, ‘हे आडनाव कोणत्यातलं?’ असली चौकशी वॉर्डात करूच नये. योजनेच्या कागदपत्रांसाठी जात लागत असेल तर ते काम नोंदणीच्या खिडकीवर होऊ द्या. तुम्हालाच विचारावे लागले तर आधी कारण सांगा. विदर्भात याचा सर्वांत जास्त संबंध सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराशी येतो. हा आजार इथे आदिवासी समाजांत, अनुसूचित जातींत आणि काही इतर मागास समाजांतही आढळतो. त्यामुळे काही जण जात ऐकली की रुग्णादेखत ‘सिकलिंग पाठवा’, म्हणजे सिकलसेलची रक्ततपासणी करा, असे म्हणतात. रुग्ण त्यातून एवढेच ऐकतो की तुमच्या जातीत हे असतेच. त्याऐवजी प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, हे विचारता येते: ‘घरात कुणाचे हातपाय, सांधे वारंवार खूप दुखतात का? कुणाला सारखी कावीळ होते, रक्त चढवावं लागतं असं आहे का? लहानपणी कुणी भावंड गेलं का?’ माहिती तीच मिळते, आणि कुणाच्या जन्मावर बोट ठेवावे लागत नाही.

सिकलसेलच्या बाबतीत लग्नाच्या वयाच्या मुली तपासणीचा निकाल लपवतात, हेही ध्यानात ठेवा. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झाले, तपासण्या होतात, कार्डे मिळतात. पण सोयरीक मोडण्याची भीती कार्डाने जात नाही. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे तिला एकटीला, हळू आवाजात, तिच्या भावासमोर नव्हे, सांगायचे असते.

हाच एकटीने बोलण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पडदा ओढला की नजर अडते, आवाज अडत नाही. पाळी, पांढरे जाणे, गर्भपात, मारहाण, नवऱ्याशी संबंध, दारू यांतले काहीही कॉटपाशी चार माणसांत विचारायचे नाही. ‘काकू, जरा बाहेर जा’ असे एकीलाच सांगितले की संशय तिच्यावरच येतो. आम्ही वॉर्डात असे ठरवले होते की भरती झालेल्या प्रत्येक बाईला ड्रेसिंगच्या खोलीत नेऊन वजन घ्यायचे आणि तिथेच बोलायचे. नातेवाइकांना सांगायचे, ‘आमच्याकडे प्रत्येक पेशंटशी एकटं बोलायची पद्धत आहे.’ नियम सगळ्यांना असला की कुणाला वावगे वाटत नाही. ब्रदर असतील तर त्यांनी सोबत एखादी सिस्टर घ्यावी आणि रुग्णालाच विचारावे, ‘हे प्रश्न मी विचारू की सिस्टर विचारतील?’ पुरुष रुग्णांचेही तसेच आहे. लघवीचा किंवा लैंगिक त्रास एखादा तरुण सिस्टरला कधीही सांगणार नाही आणि ब्रदरला दोन मिनिटांत सांगेल.

गप्प राहणे म्हणजे त्रास नसणे नव्हे, याचा पुरावा आपल्याच विदर्भात आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. तुमच्यासमोरची बाई ‘नाही’ म्हणते तेव्हा हा आकडा मनात असू द्या.

आता प्रश्नांच्या शब्दांकडे येते. फॉर्मवर ‘तंबाखूचे व्यसन: आहे / नाही’ असे असते. तुम्ही ‘व्यसन आहे का?’ विचारले की उत्तर ठरलेले. इथे खर्रा खाल्ला जातो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला. खाणाऱ्याच्या लेखी ते व्यसन नसते, गोंदियाकडच्या बायकांना दातांना गुडाखू (तंबाखूची पेस्ट) लावणे दात घासण्याइतके साधे वाटते, आणि मोहाची दारू ही काही घरांत सणाची गोष्ट असते. म्हणून मी विचारते, ‘खर्रा खात असाल तर दिवसाला किती होतात? सकाळी दातांना काय लावता?’ तोंड उघडताना बोटे किती आत जातात तेही त्याच वेळी पाहून घेते.

त्याहून घातक शब्द म्हणजे ‘का’. ‘इतक्या उशिरा का आणलं?’ हे वाक्य मी आयुष्यभर वॉर्डात ऐकत आले आहे आणि त्याने एकाही रुग्णाचे भले झालेले पाहिले नाही. समजा पावसाळ्यात पहाटे एक माणूस आणला आहे. पोटात दुखते, पापण्या मिटतात, अंगावर कुठे खूण नाही. जमिनीवर झोपला होता. मण्यार चावली असण्याची शंका यायलाच हवी, आणि डॉक्टरांना हवी असते ती वेळ. तुम्ही भावाला विचारता, ‘आधी मांत्रिकाकडे नेलं होतं ना? का नेलं?’ भाऊ म्हणतो, ‘नाही जी, सरळ इथंच आणलं.’ मधले तीन तास हरवले. तेच असे विचारा: ‘त्रास सुरू झाल्यापासून इथं पोचेपर्यंतचा सगळा रस्ता मला सांगा. कुठं कुठं थांबलात, कुणी काय दिलं, काय बांधलं?’ मग तो सांगतो: आधी गावातल्या बाबाने मुळी उगाळून पाजली, पायाला दोरी बांधली, मग आरोग्य केंद्रात एक इंजेक्शन दिले, मग गाडी मिळेना. दोरी कधी बांधली, कधी सोडली, मुळी कोणती, इंजेक्शनचा कागद आहे का, हे सगळे उपचाराला लागते. हे ऐकताना भुवई उंचावली तरी पुढचे बोलणे थांबते, इतके ते नाजूक असते. मांत्रिकाबद्दल माझे मत ठाम आहे, आणि साप चावल्यावर सरळ दवाखान्यात का यायचे हे मी डिस्चार्जच्या दिवशी त्या घराला बसवून समजावते. हिस्ट्री घेण्याची वेळ त्यासाठी नसते.

या रस्त्याच्या प्रश्नाला जोडून एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते: ‘हे दुखणं कशामुळं झालं असं तुम्हाला वाटतं?’ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली असे काही प्रश्न सुचवले होते: आजार कशामुळे झाला, तेव्हाच का झाला, त्याची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, उपचारातून काय व्हावे. ते सगळे विचारायला वेळ नसतो, पण कारण आणि भीती हे दोन सोडू नका. गरोदर बाई लोहाच्या गोळ्या का घेत नाही हे एरवी कळत नाही. भीती विचारली की कळते की बाळ पोटात फार मोठे होईल आणि बाळंतपण अडेल, असे तिला घरात सांगितले आहे. मग बोलण्याला धागा मिळतो. रमजानमध्ये मधुमेहाच्या रुग्णाशीही असेच. ‘रोजे ठेवू नका’ असे फर्मान काढले तर तो मान डोलावतो आणि घरी जाऊन उपाशीपोटी इन्सुलिन घेतो. ‘रोजे ठेवायचा विचार आहे का? सेहरीला काय खाता, रोजा कशानं सोडता?’ असे रमजान सुरू होण्याआधी विचारले तर डॉक्टरांना डोस बदलता येतो. आजारी माणसाला सूट आहे हे कुराणातच आहे, पण ते त्याला आपण शिकवू नये. त्याच्या मौलानांशी बोलायला सुचवावे आणि साखर किती खाली गेली तर रोजा लगेच सोडायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

भाषेची अडचण तुम्ही एका ओळीत लिहिली आहे, पण ती मोठी आहे. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा आहे. ती बोलणाऱ्याला मराठी मोठ्याने बोलल्याने समजत नाही. भामरागडकडची, गोंडीच्याच जवळची माडिया बोलणारी आजी आणि सोबत आश्रमशाळेत शिकणारा नातू, हे दृश्य तुम्हाला वरचेवर दिसेल. नातवाकडून ताप, जेवण, झोप विचारा; अंगावरून काय जाते हे विचारू नका. त्यासाठी ती भाषा बोलणारी विद्यार्थिनी किंवा वॉर्डातली मावशी शोधा, आजीला चालेल का ते आधी विचारा, आणि मावशीला बजावा की इथले बोलणे इथेच राहील. बोलताना दुभाषाकडे न पाहता आजीकडे पाहा, एका वेळी एकच वाक्य बोला, आणि तिने लांबलचक सांगितलेले दुभाषाने ‘नाही म्हणते’ इतक्यात आटोपले तर पुन्हा विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. दुर्गम गावातून आलेली माणसे अनेकदा विचार करून बोलतात, आणि आपण त्या शांततेत दुसरा प्रश्न टाकला की पहिल्याचे उत्तर बुडते.

संबोधनाबद्दल फार लिहीत नाही. पन्नाशीच्या बाईला ‘आजी’ म्हणू नका, मजुराला ‘ए’ म्हणू नका, आणि ‘तुम्हाला काय म्हणू?’ हे विचारण्यात कमीपणा नाही. ताई, काका, भाऊ यांतले काहीही चालते. सुरात आदर असला पाहिजे.

एका गोष्टीत मात्र फार सांभाळा. विश्वास मिळवण्याच्या नादात ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावेच लागते. म्हणून वाक्य असे ठेवा: ‘तू सांगशील ते तुझ्या उपचारासाठी लागेल तेवढ्याच लोकांना कळेल. काही गोष्टी कायद्यानं कळवाव्या लागतात. तसं असेल तर मी आधी तुला सांगेन.’ शेतातले औषध प्यायलेल्या रुग्णाच्या बाबतीतही हेच. घरचे ‘चुकून प्यायले’ म्हणतात, कारण पोलीस केसची भीती असते. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) होईलच, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याला त्याबद्दल शिक्षा करता येत नाही, हे शांतपणे सांगितले की डबा कोणता होता, किती प्यायला, किती वाजता, ही जीव वाचवणारी माहिती बाहेर येते. का प्यायला हे त्या रात्री विचारू नका. शुद्धीवर आल्यावर शेजारी बसा. कापसाचे, कर्जाचे, घरातले जे असेल ते तो स्वतः काढतो.

तुम्ही विचाराल की चाळीस रुग्णांच्या वॉर्डात हे सगळे कधी करायचे. एका बैठकीत करायचे नसतेच. भरतीच्या वेळी जीवावरचे प्रश्न, संध्याकाळी बीपी घेताना घरचे आणि खाण्यापिण्याचे, दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग किंवा स्पंजिंग करताना उरलेले. हात कामात असताना आणि नजर दुसरीकडे असताना माणसे जास्त मोकळी बोलतात, हे तुम्हालाही दिसेल. डिस्चार्जच्या वेळी ‘समजलं ना?’ विचारू नका, कारण त्याला ‘हो जी’ हेच उत्तर आहे. ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला पाहायचंय, घरी गेल्यावर सूनबाईला ही गोळी कशी द्यायची म्हणून सांगाल?’ असे म्हणा. चूक झालीच तर ती आपल्या सांगण्यात धरली जाते, रुग्णाच्या समजण्यात नाही, म्हणून तो न लाजता बोलतो.

आणि जे कळले ते रुग्णाच्या शब्दांत लिहा. ‘रुग्ण असहकार्य करतो’, ‘अंधश्रद्धाळू नातेवाईक’ असले शेरे केसपेपरवर नकोत. पुढच्या पाळीची सिस्टर ते वाचूनच रुग्णाकडे जाते. ‘गोळीने बाळ मोठे होईल अशी भीती; सासूशी बोलणे बाकी’ असे लिहिले तर तिला पुढचे काम कळते. गुप्त बाब पाळी बदलताना हँडओव्हरला कॉटपाशी मोठ्याने सांगू नका, नर्सिंग स्टेशनवर सांगा. तुमच्या इन्चार्ज सिस्टरशी आधी वजनाच्या वेळी एकटे बोलण्याच्या पद्धतीबद्दल बोलून पाहा. वॉर्डात एवढा एकच बदल झाला तरी ‘नाही’ची संख्या कमी होऊ लागते, असा माझा अनुभव आहे.